वापरलेल्या जिवंत खडकाची सफाई व मुरवणी



चेन्नई शहराच्या पश्चिमेस, बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर इरुंगाट्टुकोट्टै नावाचे गाव आहे. कांचीपुरम जिल्ह्यातील हे गाव आज सिपकॉटच्या उद्योगवसाहतीमुळे, १९९८ साली उत्पादन सुरू झालेल्या ह्युंदाईच्या मोटार कारखान्यामुळे आणि मोटार-शर्यतींच्या धावपट्टीमुळे ओळखले जाते. समुद्र येथून दिसत नाही आणि त्याची गाजही ऐकू येत नाही. आसपास आहेत ती पावसाचे पाणी अडवून धरणारी विस्तीर्ण तळी. तमिळ भाषेत त्यांना एरी म्हणतात. त्यांपैकी जवळच असलेला चेंबरंबाक्कमचा तलाव चेन्नईला पिण्याचे पाणी पुरवतो. अशा ठिकाणी ज्याला घरात समुद्र ठेवावयाचा असेल, त्याला तो गोड्या पाण्यात मीठ मिसळून तयार करावा लागतो. मौजेची गोष्ट अशी, की याच शहराने २०१० साली मिंजूर येथे आणि २०१३ साली नेम्मेली येथे नेमके उलट काम करणारे, म्हणजे समुद्राच्या पाण्यातील मीठ काढून ते पिण्याजोगे करणारे प्रकल्प उभारले.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते समुद्राच्या अगदी काठावर. घरगुती मत्स्यालयाला अशी जागा लाभत नाही. ते कारखान्याच्या वसाहतीतील दुसऱ्या मजल्यावरही असू शकते. तेथे मीठ विकत मिळते, काचेची टाकी विकत मिळते, मासेही विकत मिळतात. परंतु या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या म्हणजे समुद्र होतो असे नव्हे. पाण्याला समुद्राचे शील देणारी वस्तू चौथीच आहे, आणि ती म्हणजे जिवंत खडक.

उद्योगवसाहतीतील माणसे बदलीच्या नोकरीवर येतात आणि बदली झाली म्हणजे जातात. दोनशे लिटरची भरलेली टाकी बरोबर नेता येत नाही. मग मासे कोणाला तरी दिले जातात, काच विकली जाते आणि खडक एखाद्या बादलीत भरून शेजाऱ्याच्या हवाली होतो. कधी तो ओला आणि दुर्गंधीयुक्त असतो, तर कधी माळ्यावर वर्षानुवर्षे पडून हाडासारखा कोरडा झालेला असतो. असा हातबदल झालेला खडक पुन्हा कामास कसा लावावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

भांडे धुताना त्यावरचे सर्व काही निघून जावे एवढाच आपला हेतू असतो. खडक धुताना तसे करून चालत नाही. त्यावरील काही गोष्टी काढून टाकावयाच्या असतात, तर काही जपावयाच्या असतात. काय काढावे आणि काय जपावे, हे ज्याला ओळखता आले त्याला ही विद्या आली असे समजावे.

खडकाचे जिवंतपण

जिवंत खडक हा मूळचा निर्जीवच असतो. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच्या जातीचा तो एक सच्छिद्र तुकडा होय. समुद्रातून आलेला असेल तर तो बहुधा मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्याचा भाग असतो. माणसाने घडवलेला असेल तर सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि वाळू यांचे ते ओतीव ढेकूळ असते. जिवंत असतात ते त्याच्या अंगावर आणि पोटात राहणारे जीव. पृष्ठभागावर जांभळट-गुलाबी रंगाचे, चुन्याचे कवच धरणारे शैवाल पसरलेले असते. फटींतून कृमी, स्पंज आणि बारीक कवचधारी प्राणी नांदत असतात. या सर्वांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्याच्या छिद्राछिद्रांतून डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वस्ती करून असतात.

माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेले अन्न कुजण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते. त्याचे पीएच मान ८ ते ८.३ च्या दरम्यान राहते. अशा पाण्यात अमोनियाचा अधिक भाग त्याच्या विषारी रूपात असतो, म्हणून तो अल्प प्रमाणातही माशांना घातक ठरतो. जीवाणूंचा एक गट या अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. हे कार्य जीवाणूंचेच आहे, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की याने १८९० च्या सुमारास मातीतील जीवाणू वेगळे काढून सिद्ध केले. शेतकऱ्याच्या जमिनीत जी क्रिया अखंड चालू असते, तीच या खडकाच्या अंगावर चालते. खडकाच्या आतल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या भागात आणखी एका गटाचे जीवाणू राहतात. ते नायट्रेटमधून नायट्रोजन वायू मोकळा करतात आणि तो पाण्यातून हवेत निघून जातो. अशा रीतीने घाणीचा प्रवास पूर्ण होतो.

जाकार्ता येथील ली चिन एंग या हौशी मत्स्यपालकाने समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर टाकी चालवून दाखवली आणि १९६१ साली आपली पद्धत एका अमेरिकन मासिकातून प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनमधील हौशी लोकांनी तिला स्किमरची जोड दिली. स्किमर म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून विरघळलेली सेंद्रिय घाण फेसावाटे बाहेर काढणारे यंत्र. तेव्हापासून खडक हा टाकीचा केवळ देखावा राहिला नाही. तो तिचा सफाई कामगार झाला.

खडक आला कोठून?

जुना खडक हाती आल्यावर ब्रश शोधण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा. हा खडक मुळात कोठून आला?

तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर, रामेश्वरम् आणि तूत्तुक्कुडी यांच्या दरम्यान मन्नारच्या आखातात २१ लहान बेटांची माळ आहे. तेथील प्रवाळ अनेक दशके खणून काढण्यात आले. ते चुनाभट्ट्यांत गेले आणि बांधकामातही गेले. १९८६ साली या भागाला सागरी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्या २१ बेटांपैकी दोन आज पाण्याखाली गेली आहेत, आणि प्रवाळांचे उत्खनन हे त्यामागील एक कारण मानले जाते. लाटांचा मारा अंगावर घेणारी भिंतच काढून नेली तर तिच्या आडोशाची वाळू टिकावी कशी? याच किनाऱ्यावरील मंडपम येथे १९६९ च्या जानेवारी महिन्यात प्रवाळभित्तींवरचा जगातील पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. शास्त्रज्ञ प्रवाळांचे मोल सांगत होते त्या काळातही चुनाभट्ट्यांची भूक शमली नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

२००१ साली १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणाऱ्या सर्व खडक-प्रवाळांचा, तसेच काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. ही तीच अनुसूची आहे जिच्यात वाघ आहे. कायद्याच्या दृष्टीने प्रवाळाचा वाळलेला सांगाडाही शोभेची वस्तू राहत नाही. महाराष्ट्रातही याचा प्रत्यय आला. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील खडकांवर लहान प्रवाळ-वसाहती आढळल्या, तेव्हा २०२० साली रीतसर परवानगी घेऊन आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. हजारो कोटींच्या रस्त्याला जे बंधन आहे ते एखाद्या हौशी माणसाच्या बादलीला नाही, असे म्हणता येणार नाही.

म्हणून ज्या तुकड्यावर चांदणीच्या आकाराच्या लहान लहान वाट्या, म्हणजे प्रवाळांची घरे, स्पष्ट दिसतात, तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. मालवणच्या किंवा रामेश्वरमच्या किनाऱ्यावरून असा तुकडा उचलून आणणे हाही गुन्हाच होय. असा खडक आधीपासूनच घरात असेल तर तो पुढे विकण्यापेक्षा वनखात्याकडे चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. उरतो तो माणसाने घडवलेला, सिमेंट व शिंपल्यांपासून ओतलेला खडक आणि खाणीतील सच्छिद्र चुनखडीचा खडक. असा खडक कोणाच्या तरी टाकीत चार-पाच वर्षे राहिला की त्याच्यावर शैवाल चढते, त्याच्या छिद्रांत जीवाणू वस्तीला येतात आणि तो खऱ्या अर्थाने जिवंत होतो. वापरलेल्या खडकाचे मोल येथे आहे. तो फेकून दिला तर ती पाच वर्षे वाया जातात आणि नव्या खडकासाठी कोणाची तरी नजर पुन्हा समुद्राकडे वळते.

हात लावण्यापूर्वी

खडकाचे मूळ कळल्यानंतर त्याचे पूर्वायुष्य विचारून घ्यावे. जुन्या मालकाने त्या टाकीत माशांच्या रोगावर ताम्रयुक्त औषध वापरले होते काय, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. चुन्याचा खडक तांबे धरून ठेवतो आणि पुढे कित्येक महिने ते थोडे थोडे पाण्यात सोडतो. माशांना जे सोसते ते कोळंबी, शंख-गोगलगाय आणि समुद्रफुले यांना सोसत नाही. अशा खडकाचा उपयोग केवळ मासे असलेल्या टाकीतच करावा. खडक साबणाने धुतला होता काय, रंगाच्या किंवा कीटकनाशकाच्या डब्याशेजारी ठेवला होता काय, हेही विचारावे.

त्यानंतर धोक्याचा विचार करावयाचा. खडकावर कधी कधी चटईसारखे पसरणारे, गुंडीएवढ्या तोंडाचे आणि कडेला बारीक शुंडके असलेले जीव आढळतात. त्यांना झोअँथिड म्हणतात. मुंबईच्या आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ते सहज पाहावयास मिळतात. त्यांच्यापैकी पॅलिथोआ वर्गातील काहींच्या अंगी पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. हवाई बेटांतील अशाच एका जीवापासून शास्त्रज्ञांनी ते वेगळे केले आणि १९७१ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. प्रथिन नसलेल्या ज्ञात विषांत ते अत्यंत जहाल गणले जाते. उष्णतेने ते नष्ट होत नाही. उलट खडक उकळला किंवा त्यावर उकळते पाणी ओतले तर वाफेबरोबर ते हवेत जाते आणि त्या हवेत श्वास घेणारा प्रत्येक माणूस आजारी पडू शकतो. तोंडाला कडवट, धातूसारखी चव, छातीत आवळल्यासारखे वाटणे, हुडहुडी, ताप आणि स्नायूंच्या वेदना ही त्याची लक्षणे. डोळ्यात शिंतोडा उडाला तर बुबुळाला इजा होते. २०१८ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात घरच्या टाकीतील प्रवाळ साफ करताना हे विष पसरले आणि एका कुटुंबातील माणसांना रुग्णालयात न्यावे लागले.

यावरून नियम निघतो तो असा. जिवंत खडक कधीही उकळू नये, भट्टीत घालू नये आणि जोराच्या फवाऱ्याने झोडपू नये. कोरडा ब्रश चालवू नये. जे घासावयाचे ते पाण्याखाली धरूनच घासावे. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा यांवाचून कामास आरंभ करू नये. काम गच्चीत किंवा अंगणात करावे, स्वयंपाकघरात करू नये. लहान मुले आणि पाळीव प्राणी दूर असावेत. हाताला जखम असेल तर ती बरी होईपर्यंत थांबावे. खाऱ्या पाण्यातील काही जीवाणू जखमेवाटे शिरतात आणि महिनोन् महिने न भरणारे व्रण करतात. काम करताना वर सांगितलेली लक्षणे दिसू लागली तर मोकळ्या हवेत जावे आणि डॉक्टरांकडे जाऊन खडकाविषयी आवर्जून सांगावे. ते न सांगितल्यास रोगाचे निदान भलतीकडे जाण्याचा संभव असतो.

जिवंत ठेवून मुरवणे

खडक ओला असेल आणि त्याला ओहोटीच्या किनाऱ्यासारखा वास येत असेल, तर त्याच्यातील बरेचसे जीवन शाबूत आहे असे समजावे. त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल तर पुष्कळ जीव मेलेले आहेत, परंतु आतील जीवाणू अद्याप असू शकतात. अशा खडकाला मुरवावे लागते. लोणचे घातल्याबरोबर खाण्याजोगे होत नाही. कच्चेपणा जाऊन त्याचा अंश न् अंश एकमेकांत उतरावा लागतो. खडकाचेही तसेच आहे. त्याच्यावरील मेलेले कुजून जावे, त्यातून निघणारा अमोनिया जीवाणूंनी पचवावा आणि पाणी पुन्हा निवळावे, एवढा अवधी त्याला द्यावयाचा असतो. माशांच्या टाकीत हे घडू लागले तर मासे मरतील, म्हणून ते वेगळ्या पिंपात घडवून आणावयाचे.

प्रथम पाणी तयार करावे. इरुंगाट्टुकोट्टैसारख्या ठिकाणी विंधनविहिरीच्या पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यात कठीणपणा आणि नायट्रेट असू शकते, तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंना मारते. आर.ओ. यंत्रातून गाळलेले पाणी घ्यावे. त्यात मत्स्यालयाचे तयार समुद्रमीठ दर लिटरला ३५ ग्रॅमहून किंचित अधिक, म्हणजे ४० लिटरला सुमारे दीड किलो या प्रमाणात विरघळवावे आणि २४ तास पंपाने ढवळत ठेवावे. पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या जवळपास यावयास हवी. स्वयंपाकाचे मीठ येथे उपयोगी नाही. समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर अनेक क्षार असतात.

याच पाण्याच्या दोन-तीन बादल्या भराव्यात. पहिल्या बादलीत खडक हलवून सुटी माती व गाळ झाडून टाकावा. दुसरीत पाण्याखाली धरून घट्ट केसांच्या ब्रशाने घासावा. काळे पडलेले, बुळबुळीत झालेले स्पंज आणि मऊ मेलेले भाग चिमट्याने काढावेत. जांभळट कवच मात्र खरवडू नये. तिसऱ्या बादलीत खडक विसळून घ्यावा. गोड्या पाण्याखाली तो धरू नये. गोड्या पाण्याने कीड मरते हे खरे, परंतु तिच्याबरोबर राखावयाचे जीवही मरतात आणि कुजण्याचे काम वाढते.

नको असलेल्या पाहुण्यांची ओळखही येथे करून घ्यावी. लवकर वाढणारे, काचेसारखे पारदर्शक लहान समुद्रफूल, ज्याला एप्टेशिया म्हणतात, ते खरवडून काढू नये. त्याच्या राहिलेल्या कणाकणातून नवे फूल उगवते. पानाला लावतात तसा स्वच्छ चुना पाण्यात दाट कालवावा आणि पिचकारीने थेट त्याच्या तोंडात भरावा. हिरव्या मण्यांसारखे फुगीर शैवाल फोडू नये, ते मुळासकट अलगद सोडवून घ्यावे. फटीत दडलेले खेकडे आणि मांटिस कोळंबी बाहेर काढण्यासाठी खडक नेहमीपेक्षा अधिक खारट पाण्यात क्षणभर बुडवून उचलावा. बहुतेक जीव आपण होऊन बाहेर पडतात. बारीक काटेरी कृमी मात्र शत्रू नव्हेत. ते उरलेसुरले खाऊन टाकी साफ ठेवतात. त्यांना उघड्या हाताने स्पर्श तेवढा करू नये.

आता खडक पिंपात रचावा. पिंप प्लॅस्टिकचे, अन्नपदार्थांच्या योग्यतेचे असावे. एक पंप तासाला पिंपातील पाण्याच्या दहापट पाणी फिरवील असा हवा. स्किमर असेल तर उत्तमच. पिंपावर झाकण घालून अंधार करावा, मात्र हवा खेळती ठेवावी. प्रकाश असला तर सुटणाऱ्या खतावर हिरवे शेवाळ माजते. चेन्नईच्या हवेत पाणी तापवण्याचे यंत्र लागत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये पाणी थंड कसे राहील याची काळजी करावी लागते. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि या कामावरचे जीवाणू प्राणवायूवाचून काम करू शकत नाहीत.

म्हणूनच वीज जाणे हा या भागातील मोठा धोका आहे. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आदळले, तेव्हा चेन्नई, कांचीपुरम आणि तिरुवळ्ळूर जिल्ह्यांतील अनेक भाग दिवसचे दिवस अंधारात होते. पंप बंद पडला की काही तासांतच खडकावरील जीव गुदमरू लागतात आणि मुरत आलेला खडक पुन्हा कुजू लागतो. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. तोही नसेल तर घरातल्या माणसाने दर अर्ध्या तासाने तांब्याने पाणी उचलून उंचावरून पिंपात ओतावे. हा उपाय कष्टाचा असला तरी त्याने खडक वाचतो.

दर दोन-तीन दिवसांनी चाचणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट मोजावे. अमोनिया फार चढला तर निम्मे पाणी बदलावे. पहिल्या आठवड्यात पाणी गढूळ होईल आणि वासही येईल. त्याने घाबरून खडक पुन्हा घासू नये. तळाशी साचलेला गाळ नळीने शोषून घ्यावा. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते. दोन्ही सलग आठवडाभर शून्यावर राहिली, नायट्रेट तेवढे वाढले आणि पाण्याला नुसता समुद्राचा वास येऊ लागला, म्हणजे खडक मुरला. चांगल्या स्थितीतील खडकाला एक-दोन आठवडे पुरतात. वाटेत बराच मेलेला असेल तर एक ते दोन महिने लागतात.

मारून पुन्हा जागवणे

काही खडक असे असतात की त्यांना जिवंत ठेवण्यात लाभ नसतो. एप्टेशियाने किंवा हट्टी शेवाळाने ग्रासलेला खडक, झोअँथिडची दाट चटई असलेला खडक आणि वर्षानुवर्षे कोरडा पडलेला खडक हे असे होत. कोरड्या खडकात जीव उरलेला नसतो, पण मेलेल्या जीवांचे अवशेष असतात. ते पाण्यात टाकताच कुजू लागतात. अशा वेळी सर्व काही नष्ट करून नव्याने आरंभ करणेच बरे.

बाजारात ज्याला ब्लीच म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइटचे सुगंधरहित द्रावण एक भाग आणि पाणी दहा भाग, असे मिश्रण करून त्यात खडक एक-दोन दिवस बुडवून ठेवावा. पॅलिटॉक्सिनही हायपोक्लोराइटने निष्प्रभ होते, हा त्याचा आणखी एक लाभ. पुढे खडक अनेक पाण्यांनी धुवावा. नंतर छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यात ठेवावा म्हणजे उरलेले क्लोरीन जाते. शेवटी कडक उन्हात क्लोरीनचा वास पूर्णपणे जाईपर्यंत वाळवावा.

पृष्ठभागावर जुन्या घाणीचा आणि फॉस्फेटचा थर बसलेला असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने वरचा पापुद्रा विरघळवता येतो. न्हाणीघराच्या फरश्या धुण्यासाठी विकतात तेच हे आम्ल. येथे दोन नियम जिवावरचे आहेत. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. आणि ब्लीच व आम्ल यांची गाठ पडू देऊ नये. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसे जाळतो. एक उपचार झाला की खडक पूर्ण धुवून, वाळवून, मगच दुसरा करावा. आम्लाच्या पाण्यात बुडबुडे येणे थांबल्यावर त्यात खाण्याचा सोडा घालून ते उदासीन करावे.

एवढे झाल्यावर खडक स्वच्छ होतो, पण तो आता केवळ दगड असतो. त्याला पुन्हा जिवंत करण्यासाठी विरजण लागते. दुधाचे दही होण्यास चमचाभर जुने दही पुरते, त्याप्रमाणे चांगल्या चाललेल्या, रोगमुक्त टाकीतील मूठभर वाळू किंवा खडकाचा एक लहान तुकडा पिंपात ठेवावा. जीवाणूंना खाद्य म्हणून अमोनियाचे थोडे थेंब किंवा चिमूटभर माशांचे अन्न घालावे. दोन-तीन महिन्यांत हा खडक काम करू लागतो. फॉस्फेट मात्र या अवधीत वेगळे मोजावे. वर्षानुवर्षे शोषलेले फॉस्फेट खडक हळूहळू बाहेर सोडत राहतो आणि नव्या टाकीत शेवाळ माजण्याचे ते एक प्रमुख कारण असते. पाणी बदलत राहणे आणि फॉस्फेट धरणारे लोहयुक्त दाणे वापरणे, हे त्यावरचे उपाय.

वापरलेले पाणी

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन पूर्ण होणार नाही. मुरवणीत पाण्याच्या कित्येक बादल्या टाकून द्याव्या लागतात. हे खारे, अमोनियायुक्त पाणी एरीत, शेतात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नये. इरुंगाट्टुकोट्टैच्या परिसरातील पाणी उतारानेच जाते, आणि उताराच्या शेवटी कोणाचे तरी शेत किंवा पिण्याचा तलाव असतो. ते सांडपाण्याच्या गटारात सोडावे. झोअँथिड असलेला खडक ज्यात धुतला ते पाणी ब्लीच घालून काही तास ठेवल्यावरच टाकावे, मात्र त्यात आम्लाचा अंश नाही याची खात्री करून घ्यावी. खडकावरून काढलेले शैवाल आणि जीव समुद्रातही सोडू नयेत. टाकीतील जीव कोणत्या दूरच्या समुद्रातून आले आहेत हे सहसा ठाऊक नसते, आणि परका जीव एखाद्या किनाऱ्यावर रुजला की तेथील मूळच्या जीवांना जागा उरत नाही.

मन्नारच्या आखातातील खडक बनण्यास हजारो वर्षे लागली आणि तो फोडण्यास एक पहार पुरली. टाकीतील मानवनिर्मित खडक जिवंत होण्यास काही वर्षे लागतात, आणि तो मरण्यास बंद पंपाचा एक दिवस पुरतो. दोन्हीकडे गमावणे सोपे आहे आणि पुन्हा मिळवणे वेळखाऊ आहे. ज्याने दोन महिने धीर धरून एका बादलीतला जुना खडक मुरवला, त्याने आपल्या माशांसाठी निरोगी घर तर बांधलेच, शिवाय समुद्रातला एक दगड समुद्रातच राहू दिला. घरात समुद्र ठेवण्याची हौस धरणाऱ्याने एवढे कर्तव्य आनंदाने पत्करावे.